व्याह्यांनी तळ्याला खत घातलं

भिलाईला कोणी हवापालट करायला जात नाही. मी जाऊन आले म्हटल्यावर आमच्या कोल्हापुरातल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांनी दोनच प्रश्न विचारले. तिथं बघायला काय आहे, आणि येताना काय आणलंस? बघायला पोलादाचा मोठा कारखाना आहे, पण तो बाहेरूनच बघायचा असतो. आणली ती ठेठरी, म्हणजे बेसनाची जाड, वळवलेली कडक शेव. ती खाल्ल्यापासून आमच्यातल्या दोघी दाताच्या डॉक्टरांकडं जातात. तेव्हा आता तिसरी गोष्ट सांगते, जी कोणी विचारली नाही. मी तिथं एक तळं बघितलं.

माझी शीतल भिलाईला दिली आहे. जावई प्लांटमध्ये, व्याही प्लांटमधून निवृत्त, आणि व्याह्यांचे वडील गोंदियाकडची शेती सोडून प्लांट उभा राहत होता तेव्हाच तिथं गेलेले. कारखाना म्हणायचा नाही, तिथं प्लांटच म्हणतात. तीन पिढ्या लोखंडात गेल्या तरी घरात मराठी बोलतात, सणाला पुरणपोळी करतात, आणि वर छत्तीसगढचे सगळे सणही करतात. एका घरात दोन राज्यांचे उपास. मग तुम्ही जेवता कधी, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. विहिणीला ते अजून आठवतं.

या वेळी निमित्त होतं शीतलच्या पहिल्या खमरछठचं. श्रावण वद्य षष्ठीला तिकडच्या आया मुलांसाठी हा उपास करतात. नात सात महिन्यांची. काही घरांत हा उपास मुलग्यांसाठीच धरतात म्हणे, पण आमच्या विहिणीनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "पोरगी लेकरू नाही का? तिच्यासाठीही धरा लागते." त्या वाक्यासाठी मी तिला तिच्या फोडणीतल्या मोहरीच्या तेलासकट माफ केलं.

दुर्ग ते स्मृति नगर

दुर्ग स्टेशनवर व्याही स्वतः आले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात छत्री. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी माणूस अजून शिफ्टला निघाल्यासारखा दिसतो.

"या या, इहीनबाई! गाडी तं टाइमवर आली. मी सोचलं दोन घंटे लेट होईन." विहिणीला तिकडं इहीन म्हणतात. दोन दिवसांत सवय होते.

स्मृति नगरातलं त्यांचं घर नोकरदारांच्या घरासारखं घर आहे. पुढं अंगण, अंगणात गुलाब, फाटकावर नावाची पाटी, आणि पाटीवर नावापेक्षा हुद्दा मोठ्या अक्षरात. व्याह्यांची सगळी नोकरी कोकओव्हनमध्ये झाली. तिथं कोळसा भाजताना जो गॅस निघतो त्यातून पांढरं मिठासारखं खत काढतात, हे त्यांनी मला प्रत्येक भेटीत सांगितलं आहे. "आम्ही धुव्यातून खत काढलं, इहीनबाई, धुव्यातून!" त्यामुळं जगातलं कुठलंही खत त्यांना माहेरचं वाटतं. गुलाबांना ते दर रविवारी स्वतःच्या हातानं दाणे टाकतात. गुलाब कोबीएवढे होतात आणि वास मात्र कशाचाच येत नाही.

रात्रीच्या जेवणात तांदळाचा फरा म्हणजे उकडलेले मुटके, तांदळाचा चीला म्हणजे धिरडं, आणि सोबत भात. आमच्याकडं माणूस रस्सा कसा झालाय विचारतो, तिथं तांदूळ कुठला आहे विचारतात. मी तिन्ही खाऊन बघितलं आणि कोणालाच काही विचारलं नाही.

नांगर न लागलेलं जेवण

दुसऱ्या दिवशी विहिणीनं मला उपासाचे नियम समजावले. त्या दिवशी नांगर लागलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतात पायसुद्धा ठेवायचा नाही. दूध-दही म्हशीचं, गायीचं चालत नाही. पानं मोहाची. भाज्या सहा, त्याही आपोआप उगवलेल्या. आणि भात पसहरचा.

पसहर म्हणजे तळ्याच्या काठाला, डबक्यात, कोणी न पेरता उगवणारं रानटी भात. बायका कार्तिकात ते झोडून ठेवतात आणि पुढच्या श्रावणात उपासाला शिजवतात. दाणा तांबूस, बारीक, आणि इतका थोडा की तो गोळा करणारीचं कौतुक वाटावं. बाजारातही मिळतो. सणाच्या आधी त्याचा भाव ऐकून माणसाला आपोआप उपास घडतो.

"आमच्या घरी बाजाराचा कधी आला नाही," विहीण म्हणाली. "आमाले फूलदाई देते. तिच्या तरियाचा." तरिया म्हणजे तळं.

फूलदाई कोण, हे इथंच सांगते. व्याह्यांचा शाळेतला दोस्त होता बिसाहू, जामुलच्या पुढच्या एका खेड्यातला. तिकडं जिवलग दोस्ती नुसती तोंडी ठेवत नाहीत. चारचौघांसमोर नारळ देऊन ‘मितान’ बदतात. मग ते भावापेक्षा जवळचं नातं होतं, पिढ्यान् पिढ्या चालतं, आणि त्यात भांडायची मुभा नसते. आमच्याकडं सख्ख्या भावांना अशी अट घातली तर कोर्टं बंद पडतील. मितानाची आई ती फूलदाई. बिसाहू काही वर्षांपूर्वी तापानं गेला. त्याची म्हातारी आई आणि बायको ठेक्यानं घेतलेल्या गावच्या तळ्यात मासे वाढवतात आणि जामुलच्या बाजारात विकतात. आपला मुलगा गेल्यापासून फूलदाई दर खमरछठला पसहरची पुरचुंडी घेऊन व्याह्यांच्या घरी येते, कारण आता तिला उपास धरायला हा एकच मुलगा उरला आहे.

"ती आल्याबिगर माझा उपास सुटत नाही," विहीण म्हणाली. तेव्हा हे वाक्य मी नेहमीच्या सासरच्या कौतुकात जमा केलं.

व्याही मध्येच म्हणाले, "उद्या इहीनबाईले शेत दाखवतो. अन् एक सरप्राइज आहे. शीतलसाठी केलं मी."

विहिणीनं त्यांच्याकडं बघितलं. तिला सरप्राइजांचा अनुभव असावा.

जामुलच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे व्याह्यांच्या वाचनात येणार आहे. सिमेंटच्या कारखान्याची धूळ संपते आणि भात सुरू होतो तिथं ते आहे. सकाळी ढग खाली आलेले, वारा अजिबात नाही, आणि दोन्ही बाजूला इतकं हिरवं की डोळे दुखावेत. व्याह्यांचा तुकडा त्यात वेगळा ओळखू येत होता. तो हिरवा नव्हता, काळपट होता.

"डार्क ग्रीन," ते म्हणाले. "बाजूवाल्याचं पाहा, किती फिकं आहे. तो एक बोरी टाकते, मी दोन टाकतो."

"आणि उगवतं दुप्पट?"

"उगवत नाही दुप्पट," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण दिसते."

मी कोल्हापूरची. आमच्याकडं उसाला खत घालताना हात आखडला तर शेजारी विचारतात, घरी काही अडचण आहे का. शिवाराचं धुतलं गेलेलं सगळं नदीत येतं, नदीवर केंदाळ माजतं, आणि मग आम्ही केंदाळ काढायची मोहीम काढून तिचे फोटो काढतो. त्यामुळं व्याह्यांचा मुद्दा मला परका नव्हता. फक्त आमच्याकडं तो इतक्या मोकळेपणानं कोणी सांगत नाही.

शेताच्या खालच्या बांधाला एक खाच होती. तिला ते मुही म्हणतात. रात्री पाऊस झाला होता आणि मुहीतून पाणी खळाळत बाहेर चाललं होतं.

"हे कुठं जातं?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे तरियात. तरिया भरला की नाल्यात, नाल्यातून शिवनाथात, शिवनाथातून महानदीत, अन् मंग समुद्रात. समुद्राले काय फरक पडते, इहीनबाई?"

मी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. नद्यांचा क्रम त्यांनी बिनचूक सांगितला होता, मी पूर्ण गुण दिले असते. समुद्राला फरक पडत नाही, हे मात्र आमच्या पुस्तकात राहून गेलं असावं. किनाऱ्यावर जे कोळी राहतात त्यांना एकदा विचारायला हवं होतं.

आजूबाजूच्या प्रत्येक शेताला अशी मुही होती, आणि प्रत्येकीचं तोंड खालीच होतं.

मग आम्ही तळ्यावर आलो. वाटाण्याची दाट आमटी एखाद्या मोठ्या परातीत ओतून ठेवावी तसं पाणी. काठाला रानभाताचा पट्टा, पुरुषभर उंच, पानंच पानं, आणि मध्ये मध्ये स्वतःच्या वजनानं आडवा पडलेला.

"हे पाहा!" व्याह्यांनी छत्री त्या पट्ट्याकडं केली. "मागच्या साली पसहर कमी झाला होता. दाई म्हने, पुरत नाही. मी सोचलं, आता घरात सून उपास धरणार, पुढं तिची पोरगी धरणार, सप्लाय वाढवला पाहिजे नं! म्हणून आखाडात चुपचाप येऊन पुऱ्या काठानं युरिया मारला, अन् डीएपी. कोनाले सांगितलं नाही. कशी ग्रोथ आली पाहा!"

ज्या भाताची सगळी पुण्याई माणसानं हात न लावण्यात आहे, त्याला माणसानं पोत्यानं खत घातलं होतं. तेही सुनेच्या मायेपोटी. छत्तीस वर्षं ज्यानं ‘उत्पादन वाढवा’ हीच पाटी वाचली त्यालाच हे सुचणार.

"पण हे पसहर राहिलं का मग?" मी विचारलं.

"कावून नाही राहिलं? नांगर कुठं लागला त्याले? युरिया म्हणजे काय नांगर आहे का?"

कायद्यानं ते बरोबर होते.

तेवढ्यात पाण्यावर काही हललं. मी वाकून बघितलं. पाण्यावर सगळीकडं तोंडं होती. लहान, मोठी, गोल उघडी तोंडं, शेकड्यानं, वर येऊन मिटत होती आणि पुन्हा उघडत होती.

"अरे वा!" व्याही खूश झाले. "मासोळी पाहा किती झाली! वरच येऊन राहिली." त्यांनी मोबाइल काढला, व्हिडिओ घेतला आणि घरच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, ‘नेचर’. लगेच कोणाकोणाचे अंगठे आले.

मासे आमच्या स्वागताला आले नाहीत, एवढं मला कळत होतं. खतानं माजलेल्या शेवाळानं पाण्यातली हवा संपवली होती, ते श्वास घ्यायला आले होते. पण मी पाहुणी, त्यातून विहीण. व्याह्यांच्या पाहुणचारात खोट काढायची नाही असं आमच्या आईनं शिकवलं होतं. मी तोंड उघडलं आणि माशांसारखंच मिटलं.

फूलदाई काठावरच उभी होती. बारीक, वाकलेली, हातात जाळ्याची दोरी. सकाळपासून ती तिथंच असावी. व्याह्यांनी तिचे पाय धरले आणि तिला मोठ्या आनंदानं सगळं सांगितलं. तिच्याशी ते छत्तीसगढीत बोलतात, आणि आवाज एकदम पोरासारखा होतो.

"मोर तरिया म?" तिनं विचारलं. माझ्या तळ्यात?

"हौ दाई. बहू बर." सुनेसाठी.

ती खाली बसली, पाण्यात हात घातला, नाकाशी नेला, पदराला पुसला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "चहा पीबे, सगा?" सगा म्हणजे पाहुणे, सोयरे.

चहा पिताना तिनं माझ्या नातीचं नाव विचारलं, दात आले का विचारलं, आणि पुरचुंडीत बांधून ठेवलेला मागच्या वर्षीचा पसहर दाखवला. शीतलसाठी राखलेला होता. व्याही बाहेर खाटेवर बसून अंगठे मोजत होते. मला तो चहा गोड लागला नाही, आणि साखर तर भरपूर होती.

दुसऱ्या दिवशीचं तळं

सकाळी गावाहून फोन आला. घरात तो विहिणीनं घेतला आणि ऐकता ऐकता खालीच बसली.

आम्ही पोचलो तेव्हा तळ्याची वारा लागलेली सगळी बाजू पांढरी दिसत होती. उलटे मासे. बिसाहूची बायको सुखबती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून टोपल्या भरत होती आणि काठावर ओतत होती. दसऱ्याच्या सुमाराला काढायचा माल होता तो. तिनं आमच्याकडं एकदाच बघितलं.

गाव जमलं होतं. आदल्या दिवसापर्यंत ज्यांच्या मुह्या याच तळ्यात उघडत होत्या ते सगळे काठावर उभे राहून निसर्गाच्या ऱ्हासाबद्दल बोलत होते. कालचा व्हिडिओ आणि व्याह्यांनी काठावर दाईला सांगितलेलं गावातही पोचलं होतं, आणि शहरातल्या साहेबानं तळ्यात खत टाकलं हे सगळ्यांना एकदम पटलं. व्याह्यांनी टाकलेलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बाकीच्यांचं वर्षानुवर्षं बांधावरून वाहत आलेलं, ते कोणाच्या डोळ्यांत येणार? चोराच्या हातात दिवटी सापडली की बाकीचे सगळे आपोआप साव होतात.

व्याही गाडीतून उतरलेच नाहीत. काच थोडी खाली करून त्यांनी मला कारणं सांगितली. ढगाळ हवा. बायकांचा कपडे धुवायचा साबण. गणपती. मागच्या वर्षीचे गणपती, असं मी विचारल्यावर म्हणाले. "अन् मत्स्यवालेच सांगतात, तळ्यात थोडं खत टाका, मासोळीले चारा होते."

"थोडं," मी म्हणाले.

त्यांनी काच वर केली.

विहिणीनं ती ठोकून पुन्हा खाली करायला लावली. मी तिला एवढी वर्षं ओळखते, तिचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. "कावून केलं तुमी हे? कोनं सांगतलं होतं? तिनं बिसाहूची तेरवी झाल्यावर तुमच्या तोंडात घास घातला होता, आठवते का? तिच्या पानीत हात घालायच्या आधी तिले विचारता नाही आलं?"

"मी तं चांगल्यासाठी—"

"मालूम आहे मले! तेच तं!" ती रडायला लागली.

फूलदाई काठावर नव्हती. घरात होती, भिंतीकडं तोंड करून पडलेली. विहीण तिच्या पायाशी बसली आणि विचारलं, "दाई, काली आबे न?" उद्या येशील ना? त्या एका प्रश्नाशिवाय दुसरं काही विचारायलाच ती आली होती असं मला वाटत नाही.

मितानात भांडता येत नाही. दोष देता येत नाही. पण येणं-जाणं थांबवता येतं, आणि एकदा थांबलं की कोणी मध्ये पडू शकत नाही, हे मला विहिणीनं वाटेत सांगितलं होतं.

"देखबो," फूलदाई म्हणाली. बघू.

परतताना व्याह्यांनी वाटेत एका दुकानापाशी गाडी थांबवली आणि बाजारचा पसहर घेऊन आले. चांगल्या कागदी पिशवीत होता, वर ‘शुद्ध’ असं छापलेलं.

"असू द्या घरात," ते म्हणाले.

"असू द्या," विहीण म्हणाली. "दाई आली तं तिचा शिजन. नाही आली तं मी खातच नाही काही. अन् तुमीच मुलाले सांगा कावून ते."

अंगणातली सगरी

सणाच्या दिवशी अंगणात सगरी खोदतात. सगरी म्हणजे छोटं तळं, हात-दीड हात खोल. काठाला काशाचं गवत, पळसाची आणि बोरीची फांदी रोवतात. पाण्यात मातीच्या छोट्या होड्या सोडतात. शेजारच्या चारपाच जणी आल्या होत्या. तेलुगू, बिहारी, मलयाळी, भिलाईत गल्ली म्हणजे अर्धा भारत असतो, आणि उपास सगळ्यांनी धरलेला. प्रत्येकीनं सगरीत लोट्यानं पाणी ओतलं. नळाचं पाणी, स्वच्छ, तळ दिसणारं. शीतल नातीला मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखी फाटकाकडं बघत होती.

कथा झाली. पूजा झाली. भाज्या शिजल्या. ‘शुद्ध’ पिशवी ओट्यावर तशीच. शेजारणी चुळबुळायला लागल्या. एकीनं हळूच सुचवलं की दोन्ही तांदूळ शेवटी तांदूळच. विहिणीनं ऐकलंच नाही.

व्याही आतल्या खोलीत होते. बीपी वाढला म्हणाले होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फाटक वाजलं. फूलदाई. धुळीनं पाय भरलेले. एका हातात पुरचुंडी, दुसऱ्या हातात मोहाच्या पानांनी झाकलेला लोटा. मधल्या शेतांतून आली असती तर बसच्या रस्त्यावर लवकर पोचली असती, पण उपासाच्या दिवशी नांगरलेल्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. ती सडकेनं, लांबून आली होती. विहिणीनं धावत जाऊन तिचे पाय धरले ते बराच वेळ सोडले नाहीत.

"मोर लइका कहां हे?" तिनं विचारलं. माझं लेकरू कुठंय?

"आत हायेत. तब्येत बरी नाही म्हणतेत," विहीण म्हणाली.

"बला." बोलाव.

व्याही बाहेर आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. तिच्यासमोर आले आणि म्हणाले, "दाई, मोर ले गलती होगे." माझं चुकलं.

"बइठ. पीठ सोझ कर." बस, पाठ सरळ कर.

पूजा झाल्यावर आया मुलांच्या पाठीवर पोता मारतात. पांढऱ्या मातीच्या कालवणात फडकं बुडवून सहा वेळा पाठीवर थापायचं, मूल सुखरूप राहावं म्हणून. शीतलनं नातीच्या पाठीवर फुलासारखं टेकवलं होतं. फूलदाईनं फडकं बुडवलं, आणि त्या साठी उलटलेल्या माणसाच्या पाठीवर थापलं. आशीर्वादाच्या मानानं आवाज जरा मोठा होता. शेजारणींनी एकमेकींकडं बघितलं. व्याही प्रत्येक थापेला थोडे पुढं झुकत होते आणि पुन्हा पाठ सरळ करत होते. इस्त्रीच्या सदऱ्यावर सहा पांढरे ठसे उमटले. माझ्याकडं त्या प्रसंगाला लायक असे दोन-तीन टोमणे तयार होते. ते तसेच ठेवून मी नातीला मांडीवर घेतलं.

मग तिनं लोट्यावरची पानं काढली आणि लोटा सगरीत रिकामा केला. बोटभर लांबीची माशांची पिल्लं, मोजकीच. ती क्षणभर स्तब्ध राहिली आणि मग मातीच्या होड्यांखालून सरसर पळाली.

"अतके बांचिस," ती म्हणाली. एवढी वाचली. मग व्याह्यांना म्हणाली, "तोर घर के पानी साफ हे. एमन ला तैं जियाबे." तुझ्या घरचं पाणी स्वच्छ आहे, यांना तू जगव.

"सगरी तं उद्या बुजवा लागते, दाई," विहीण हळूच म्हणाली.

"झन पाट." बुजवू नको. विषय संपला.

विहिणीनं पुरचुंडी घेतली आणि भात शिजायला ठेवला. मोहाच्या पानांवर तो तांबूस भात, म्हशीचं दही आणि सहा भाज्या वाढल्या तेव्हा पावसाचे थेंब पडायला लागले. आम्ही सगळ्या व्हरांड्यात सरकलो. पाऊस वाढला.

व्याही अंगणातच उभे होते, सगरीपाशी. एकदम ते उकिडवे बसले. सगरी उताराच्या खालच्या टोकाला खोदलेली होती, आणि वरच्या बाजूला गुलाबांची रांग. रविवारचे दाणे अजून मातीवर पांढरे दिसत होते. गुलाबांच्या बुंध्यातून पाण्याचा एक बारीक ओहोळ निघाला होता, वाटेत दुसरा त्याला मिळाला, आणि दोन्ही मिळून सगरीकडं यायला लागले. व्याह्यांनी त्या ओहोळाकडं बघितलं, मग वर, तो जिथून निघाला होता तिकडं. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच ते पाणी कुठं जातं हे न बघता कुठून येतं हे बघत होते.

"अरे, अरे, अरे," असं म्हणत ते दोन्ही हातांनी माती ओढायला लागले. फावडं कोपऱ्यातच होतं, ते त्यांना दिसलं नाही. सगरीच्या वरच्या अंगाला त्यांनी चिखलाचा बांध घालायला घेतला. एकीकडं घातला की दुसरीकडून फुटत होता. पेन खिशातून चिखलात पडलं. पाठीवरचे ठसे पावसानं ओघळून सदराभर पसरले.

"अहो, जेवा तं आधी!" विहीण ओरडली. "आमी करून घेतो मंग."

फूलदाईनं तिला हातानं गप्प केलं.

तिनं पानावरचा पहिला घास उचललेला होता. दिवसभराचा उपास, लांबची वाट, आणि तो घास तिच्या हातात तसाच. ती खाईना, म्हणून विहीण खाईना, म्हणून शीतल खाईना, आणि म्हणून मीही. आम्ही सगळ्या हातात घास घेऊन बसून राहिलो आणि तो माणूस पावसात चिखल थापत होता. शेवटी बांध टिकला. ओहोळ वळून फाटकाकडं गेला. व्याह्यांनी वाकून सगरीत बघितलं, बराच वेळ बघितलं, मग मागं वळून म्हणाले, "हावत दाई. सब्बो हावत." आहेत, सगळी आहेत.

तेव्हा तिनं घास तोंडात घातला.